व्यायामांतील अवधान



व्यायामाच्या प्रचारकास आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो. तो असा कीं, जो शेतकरी दिवसभर कुदळ मारतो त्यास दंड-बैठकांची जरुरी काय? प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा स्वतः कुदळ मारीत नसतात आणि दंडही काढीत नसतात. तरी प्रश्न टाकाऊ नाहीं. श्रम आणि व्यायाम ह्या दोहोंत स्नायु तेच, घाम तोच, धापही तीच; मग भेद कशांत आहे? माझ्या समजुतीप्रमाणें हा भेद हातापायांत शोधून सांपडणार नाहीं, तो लक्षांत आहे; आणि गेल्या सव्वाशें वर्षांत महाराष्ट्रांत ज्यांनीं व्यायामाचा मनापासून विचार केला त्यांतील पुष्कळांना कमीअधिक प्रमाणांत ह्याच ठिकाणीं येऊन थांबावें लागलें. व्यायाम चालू असतांना मन कोठें असावें, ह्या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रारंभ एका खेड्यापासून करतों. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव आज सर्वांच्या परिचयाचें आहे. जिल्ह्याचें नांव २०२४ पर्यंत अहमदनगर होतें, आतां तें अहिल्यानगर झालें आहे. मुलूख मात्र तोच, पर्जन्यछायेचा आणि उघड्या टेकड्यांचा. १९७२ सालीं महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्यें राज्यांतील सरकारी दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें राबत होतीं, आणि खडी फोडणें हें त्यांतील नित्याचें काम होतें. हातोडी पडावयाची, दगड फुटावयाचा, ढिगाचें माप घेतलें जावयाचें आणि त्या मापाप्रमाणें मजुरी मिळावयाची. भुकेल्या माणसाच्या हातीं चार पैसे पडले हें थोडें नव्हे. पण त्या हातोडीच्या घावांत मन घालण्यासारखें कांहीं नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

पुढें १९७५ सालीं किसन बाबूराव तथा अण्णा हजारे सैन्यांतून निवृत्त होऊन राळेगणास परतले. प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला; मग गांवकऱ्यांच्या श्रमदानानें व सरकारी योजनांच्या साह्यानें नाल्यांवर बांध पडले, टेकड्यांच्या उतारावर समतल चर निघाले, गळका पाझर तलाव दुरुस्त झाला आणि विहिरींना पाणी आलें. ही हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे, ती मी पुन्हां सांगत नाहीं. मला त्यांतील एकाच गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. समतल चर खोदणें हें वरवर पाहतां नुसतें मातीकाम आहे. परंतु तो चर टेकडीच्या अंगावर एकाच पातळींत गेला पाहिजे. कोठें पातळी चुकली तर पाणी सखल बाजूकडे धांवतें, तेथें भर फुटते, आणि वरची माती पाण्याबरोबर खालीं येते. म्हणून खोदणारास घावागणिक उताराकडे पाहावें लागतें. कुदळ आणि हातोडी ह्यांत अंतर थोडें, दंडाला पडणारा ताणही जवळजवळ तोच. पण एका कामांत मन गैरहजर राहिलें तरी चालतें आणि दुसऱ्यांत चालत नाहीं. ह्याच पारनेरचे सेनापति पांडुरंग महादेव बापट ह्यांनीं गांवचे रस्ते झाडण्याचें काम आपल्या नित्यनेमांत घातलें होतें. हातांतील झाडूकडे त्यांनीं इतर लोक देवपूजेकडे ज्या दृष्टीनें पाहतात त्या दृष्टीनें पाहिलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

तथापि श्रमांत मनास धरून ठेवणारी वस्तु बाहेर असते. चर असतो, बांध असतो, झाडलेला रस्ता असतो. व्यायामाचें तसें नाहीं. शंभर बैठका मारून उठल्यावर जमिनीवर घामाखेरीज कांहीं दिसत नाहीं. जें घडवावयाचें तें शरीर आणि घडविण्याचें हत्यारही तेंच. म्हणून मनास बसावयास दुसरी जागाच उरत नाहीं. तें एक तर शरीरांत बसतें, नाहीं तर भटकावयास निघून जातें. बहुतेकांचें तें निघून जातें, हें आपण सर्व जाणतों.

ह्या मनाच्या हजेरीस आपल्या भाषेंत एक जुना शब्द आहे, अवधान. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशांत शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें सांगितली गेली तें गांव ह्याच जिल्ह्यांतलें. त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानदेव श्रोत्यांपाशीं काय मागतात, तर अवधान मागतात. आणि सहाव्या अध्यायांत आसनस्थ योग्याच्या शरीराचें जें वर्णन येतें, तें ज्यानें त्या शरीराकडे आंतून बारकाईनें पाहिलें आहे अशाच्या हातचें वाटतें. अवधानासहित तो सावधान. हा शब्द पुढें आपल्याकडे फार फिरला. लग्नमंडपांत भटजींनीं तो उच्चारला आणि नारायण ठोसर बोहल्यावरून पळाला, अशी समर्थ रामदासांची कथा परंपरेनें चालत आली आहे. त्याच शब्दानें आज शाळेच्या पटांगणावर शेंकडों मुलें खांबासारखीं ताठ उभीं राहतात. एकाच शब्दानें एक मनुष्य धांवत सुटावा आणि बाकीचे जागच्या जागीं खिळावे, ही मौज आहे. ह्या दोन सावधानांतलें अंतर म्हणजेच आजच्या विषयाचा गाभा आहे, असें पुढें दिसून येईल.

आपल्या जुन्या तालमींत अवधानाचें काम आंकड्यानें भागविलें जाई. दंड किती, बैठका किती, जोडी किती वेळ फिरविली ह्यावर पैलवानाची योग्यता ठरे. समर्थ नाशिकजवळच्या टाकळीस असतां रोज बाराशें नमस्कार घालीत असें सांगतात. आंकडा ही वाईट वस्तु नव्हे. जपमाळेचा मणी जसा मनास एका जागीं अडकवून ठेवतो तसा तो कांहीं काळ ठेवतो. पण लवकरच जिभेस मोजण्याची संवय लागते आणि मन मोकळें होतें. मग तोंड ‘एकाहत्तर, बहात्तर’ म्हणत असतां मनुष्य मनांतल्या मनांत कोर्टांतील तारखेचा विचार करूं शकतो. ह्यास आपल्या तालमींत एकच मोठा अपवाद होता, तो मल्लखांबाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधर ह्यांनीं ही विद्या ऊर्जितावस्थेस आणली. गुळगुळीत, तेल लावलेल्या खांबावर उलटें लटकलेल्या माणसास दुसरा विचार करण्याची सवड नसते. मांडीची पकड कोठें आहे, तळवा कोठें टेकला आहे, भार कोणत्या अंगावर गेला आहे, हें त्यास क्षणोक्षणीं ठाऊक असावेंच लागतें. लक्ष गेलें कीं मनुष्य खालीं आला. तेथें अवधान शिकवावें लागत नाहीं, खांबच तें शिकवितो. परंतु मल्लखांब ही थोड्यांची विद्या राहिली. घरोघर जो व्यायाम गेला तो नमस्काराचा, आणि त्याची कथा मोठी विलक्षण आहे.

सातारा जिल्ह्यांत औंध म्हणून एक लहानसें संस्थान होतें. तेथील राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांचा जन्म १८६८ चा. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि शरीराच्या बाबतींत हौशी होते. १८९७ च्या सुमारास त्यांनीं युजेन सँडोचीं पुस्तकें व उपकरणें मागविलीं आणि जवळजवळ दहा वर्षें तो व्यायाम नेमानें केला. सँडो हा प्रशियांतील कोनिग्सबर्गचा, १८६७ सालीं जन्मलेला पहिलवान. लंडनमध्यें त्यानें नांव काढलें आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतही प्रयोग करून गेला. आज त्याचें चित्र पाहिलें कीं वाटतें, हा मनुष्य पहाडासारखीं वजनें उचलावयास सांगत असेल. वस्तुस्थिति उलट आहे. सामान्य माणसास तो हलकीं डंबेल्स देई आणि सांगे कीं, जो स्नायु हालतो त्यावर मन एकाग्र करा; मन दुसरीकडे ठेवून हात हालविल्यास फळ मिळणार नाहीं. त्याच्या डंबेल्सची एक जात तर अशी होती कीं तिचे उभे दोन भाग केलेले असून मध्यें स्प्रिंगा बसविलेल्या असत. दोन्ही भाग मुठींत सतत दाबून धरावे लागत; मूठ सैल पडली कीं मन सैल पडलें हें हातास ताबडतोब कळे. मन मुठींत ठेवण्याचें हें यंत्रच म्हणावयाचें! आपल्याकडील कित्येक लेखक पाश्चात्य व्यायाम म्हणजे निर्बुद्ध स्नायुवर्धन आणि आपला व्यायाम म्हणजे आत्मोन्नति अशी सरळ वांटणी करून मोकळे होतात. निदान सँडोच्या बाबतींत ही वांटणी टिकत नाहीं.

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून पंतप्रतिनिधींनीं सँडोचीं उपकरणें सोडून सूर्यनमस्कारांस आरंभ केला. पुढच्याच वर्षीं ते गादीवर आले आणि नमस्कार हें औंधाचें जणूं राजचिन्ह बनलें. त्यांनीं पिढीजात नमस्काराचीं अंगें ठरवून दिलीं, दहा स्थिति निश्चित केल्या, कोणत्या स्थितींत श्वास घ्यावा व कोणत्या स्थितींत सोडावा हें सांगितलें, आणि प्रत्येक नमस्काराबरोबर बीजाक्षर व सूर्याच्या बारा नांवांपैकीं एक नांव उच्चारण्याची प्रथा दृढ केली. ह्या बीजाक्षरांच्या नादानें शरीरांतील निरनिराळ्या इंद्रियांस आंतून चालना मिळते असा त्यांचा विश्वास होता. हा विश्वास प्रयोगानें सिद्ध झालेला नाहीं, आणि तो तसाच्या तसा स्वीकारण्याची आवश्यकताही मला दिसत नाहीं. पण मंत्राचें एक काम नादाच्या तत्त्वज्ञानावांचूनही दिसतें. ‘मित्र’ म्हणून झाल्याखेरीज पहिला नमस्कार सुरू होत नाहीं आणि ‘रवि’ म्हटल्याखेरीज दुसरा. दोन नमस्कारांमध्यें एक लहानसा थांबा पडतो. त्या थांब्यांत मनुष्य सरळ उभा असतो, श्वास ठिकाणावर येतो, आणि निसटलेलें मन परत येण्यास दार उघडें राहतें. आंकडाही आपोआप सांभाळला जातो, कारण बारा नांवें संपलीं कीं एक फेरी झाली. आंकडा, श्वास, स्थिति आणि शब्द हे चार दोर एकाच खुंट्यास बांधण्याची ही युक्ति सँडोच्या स्प्रिंगेपेक्षां निश्चित सरस होती, आणि तिला पैसाही पडत नव्हता.

१९३६ सालीं पंतप्रतिनिधि इंग्लंडांत गेले. तेथें लुईझ मॉर्गन नांवाच्या वृत्तपत्रलेखिकेनें त्यांची भेट घेतली, साठी उलटलेल्या ह्या राजाची प्रकृति पाहून ती चकित झाली, आणि १९३८ मध्यें तिनें संपादिलेलें नमस्कारांवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनांत प्रसिद्ध झालें. इकडे औंधांतील शाळांत नमस्कार सक्तीचे होते. येथें मात्र मला थोडें थांबावेंसें वाटतें. राजा स्वतः नमस्कार घालीत असे तेव्हां त्यांत भक्ति होती. त्याच्या शाळेंतील चौथींतला मुलगा नमस्कार घालीत असे तेव्हां त्याचें लक्ष सूर्याकडे असे कीं मास्तरांकडे, ह्याचें उत्तर ज्यांनीं शाळा पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. सक्तीनें स्थिति येतात, आंकडा येतो, शब्दही पाठ होतात. चौथा दोर, अवधानाचा, तेवढा सक्तीनें ओढतां येत नाहीं.

हीच अडचण निराळ्या बाजूनें ज्यांच्यापुढें उभी राहिली त्यांचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ सालीं गुजरातेंतील डभोईस जन्मलेले हे मराठी गृहस्थ पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून ख्यात झाले. १९०७ ते १९१० ह्या वर्षांत त्यांनीं बडोद्यास राजरत्न माणिकराव ह्यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत शिक्षण घेतलें. माणिकराव हे संघव्यायामाचे मोठे पुरस्कर्ते. कवायतीच्या इंग्रजी आज्ञा काढून तेथें देशी शब्द घालण्याच्या कामीं त्यांचा मोठा वांटा आहे. कवायतीचा मूळ धंदा लष्करी. तेथें ‘सावधान’ ह्याचा अर्थ आज्ञा देणाराकडे लक्ष द्या, एवढाच. स्वतःच्या गुडघ्यांत काय होत आहे इकडे लक्ष देणारा शिपाई चुकणार, हें उघड आहे. आणि ‘विश्राम’ म्हणजे एक पाय बाजूस टाकून पुढच्या आज्ञेची वाट पाहणें! ह्या शास्त्रांत तयार झालेले गुणे पुढें नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासजी ह्यांच्याकडे योग शिकले, आणि तेथें त्यांना सावधान व विश्राम ह्या दोन्ही शब्दांचे अगदीं वेगळे अर्थ भेटले.

कुवलयानंदांचा विशेष हा कीं, त्यांनीं गुरूचें म्हणणें शिरोधार्य मानलें आणि तरीही तें मोजून पाहिलें. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षीं ‘योग-मीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षां कमी होतो हें त्यांनीं दाबमापक यंत्रानें दाखविलें. क्षकिरणांनीं पोटाचीं चित्रें घेतलीं. योगास चमत्काराच्या बाजारांतून उचलून प्रयोगशाळेच्या टेबलावर आणणें हें त्यांचें मोठें कार्य, आणि त्याचा गौरव पुष्कळांनीं केला आहे. माझ्या दृष्टीनें त्याहून सूक्ष्म असें त्यांचें एक काम आहे, आणि तें म्हणजे प्रयत्नाच्या शैथिल्यावर त्यांनीं दिलेला भर. पतंजलींनीं आसनाच्या सिद्धीस जें साधन सांगितलें आहे त्यांत प्रयत्न सैल करणें हें एक अंग आहे, दुसरें अंग मन अनंतांत लावणें. तालमींतून आलेल्या माणसास हें ऐकून गोंधळल्यासारखें होतें. व्यायाम म्हणजे जोर, आणि येथें तर जोर सोडावयास सांगत आहेत! पण जोर सोडावयाचा म्हणजे आधीं तो कोठें लागला आहे हें कळलें पाहिजे. पश्चिमोत्तानासनांत बसलेला नवशिका पाठ वांकवितांना दांत आवळतो, खांदे कानांपर्यंत नेतो, श्वास कोंडतो. ह्यांतल्या एकाही गोष्टीचा पाठीस उपयोग नाहीं आणि ह्यांतली एकही त्यास ठाऊक नसते. आवळलेला दांत ध्यानांत आला कीं तो बहुधा त्याच क्षणीं सुटतो. तेथें अवधान आणि शैथिल्य ह्या दोन क्रिया राहत नाहींत, एकच होऊन जातात.

१९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आसनांवरील पुस्तकांत कुवलयानंदांनीं शवासनास जी जागा दिली ती ह्यामुळेंच. उताणें पडून शरीराचा एकेक भाग क्रमानें सैल सोडावयाचा. मग श्वास कसा येतो-जातो हें नुसतें पाहावयाचें, त्यास वळण लावावयाचें तें मागाहून. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन ह्यांनीं स्नायु क्रमाक्रमानें सैल करण्याच्या आपल्या पद्धतीवरील ग्रंथ १९२९ सालीं, म्हणजे जवळजवळ त्याच वेळीं प्रसिद्ध केला. एकानें दुसऱ्यापासून उचललें असें मी सुचवीत नाहीं. यंत्रयुगाच्या धांवपळींत दोन दूरच्या गांवीं एकाच दुखण्यावर औषध शोधणें चालू होतें, एवढेंच म्हणतों. पुढें १९३६ मध्यें कुवलयानंदांनीं ‘यौगिक संघ-व्यायाम’ हें पुस्तक लिहून शाळांसाठीं आसनें आज्ञाबद्ध केलीं. माणिकरावांचा शिष्य आणि माधवदासजींचा शिष्य एकाच माणसांत समोरासमोर उभे राहिले ते येथें. पंक्तींत उभ्या असलेल्या दोनशें मुलांना ‘वांका’ म्हणतां येतें. ‘सैल व्हा’ अशी आज्ञा देतां येते, पण ती पाळली गेली कीं नाहीं हें आज्ञा देणारास दिसत नाहीं. हा पेंच सुटला असें मी म्हणणार नाहीं. शाळांनीं त्या पुस्तकांतील आज्ञा उचलल्या आणि शैथिल्य पुस्तकांत ठेविलें.

ह्याच प्रश्नाचें तत्त्व लोणावळ्यापासून दूर, धुळ्याच्या तुरुंगांत, विनोबांनीं फार थोडक्यांत सांगितलें. १९३२ सालीं तेथें त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. बाह्य कर्मास आंतून मनाची जी जोड मिळावयास पाहिजे तिला विनोबा विकर्म म्हणतात; कर्मास विकर्म मिळालें कीं त्याचें ओझें राहत नाहीं. बोलणारा मनुष्य तासन् तास सूत काढणारा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवून तो अध्याय वाचला म्हणजे तें तत्त्वज्ञान चातीवरून उतरलें आहे हें समजतें. धागा तुटला कीं मन कोठें तरी गेलें होतें हें चरखा सांगतोच.

१९३७ सालीं पुण्यास एक कृश तरुण योगशिक्षक येऊन दाखल झाला. म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचा हा शिष्य, बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. त्या वेळीं वय अवघें अठरा-एकोणीस. पुण्यानें त्यांस ठेवून घेतलें आणि ते २०१४ सालीं निवर्तले तेही पुण्यांतच. अय्यंगारांनीं अवधानास आणखी एक पायरी खालीं उतरविलें. नुसतें उभें राहणें घ्या. भार टांचेवर आहे कीं चवड्यावर, टांचेच्या आंतल्या कडेवर कीं बाहेरच्या, दोन्ही पायांवर सारखा कीं एकावर अधिक, गुडघ्याची वाटी वर ओढलेली आहे कीं नाहीं. इतके प्रश्न ते विद्यार्थ्यास उभ्या उभ्या घालीत. दोर, ठोकळे, खुर्च्या आणून त्यांनीं अशक्त माणसासही त्या प्रश्नांपर्यंत पोंचविलें. कुवलयानंद मनास श्वासावर बसवितात, अय्यंगार त्यास सांध्यासांध्यांतून हिंडवितात. त्यांची शिस्त कडक होती आणि तिचा धाक कित्येकांस वाटे; पण वर्गांत मन घरीं ठेवून येण्याची सोय त्यांनीं ठेविली नव्हती. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन १९५२ सालीं मुंबईस त्यांना भेटले आणि तेथून ही विद्या युरोपांत गेली. वादकास हनुवटी, खांदा व मनगट ह्यांतील बारीकसारीक ताण ओळखल्यावांचून गत्यंतर नसतें, तेव्हां त्यास ती पटली ह्यांत नवल नाहीं.

१९७६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी येथें सत्यनारायण गोएंका ह्यांचें विपश्यना-केंद्र सुरू झालें. शरीरांतील संवेदना आहे तशी पाहणें ही ब्रह्मदेशांत टिकून राहिलेली बौद्ध साधना त्यांच्या हातून परत आली. तिच्यांत व्यायाम नाहीं. पण आज ज्यास सजगता म्हणतात त्या कल्पनेचा एक मोठा झरा तो आहे. १९७९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयांत जॉन कॅबट-झिन ह्यांनीं दुखण्यांनीं जेरीस आलेल्या रोग्यांसाठीं जो वर्ग काढला त्यांत असलें ध्यान आणि सौम्य आसनें ह्यांची सांगड होती. आतां ती सांगड नवें नांव घेऊन, चकचकीत वेष्टणांत, आपल्याच शहरांत विकावयास आली आहे. माल घरचाच असला तरी हरकत नाहीं. भाव पाहून घ्यावा, इतकेंच.

आतां एक शंका निघते, आणि ती न टाळणें प्रामाणिकपणाचें होईल. शरीराकडे इतकें लक्ष देणें नेहमींच हितकारक असतें काय? पायऱ्या उतरतांना प्रत्येक पावलाचा विचार करूं लागलें तर मनुष्य अडखळतो, हा सर्वांचा अनुभव आहे. १९९८ सालीं गाब्रिएले वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बर्फावरील घसरणीसारख्या हालचालीच्या यंत्रावर नवशिक्यांस शिकवून पाहिलें. कांहींना सांगितलें, आपल्या पायाकडे लक्ष द्या; कांहींना सांगितलें, पायाखालच्या चाकांकडे द्या. चाकांकडे लक्ष देणारे सरस ठरले. म्हणजे कौशल्याच्या कामांत लक्ष अवयवावर खिळवून न ठेवतां त्या अवयवाच्या कार्यावर ठेवणें बरें. आखाड्यांतील पैलवानास हें ठाऊक असतें. त्याची नजर प्रतिपक्ष्यावर असते, स्वतःच्या पोटरीवर नसते. उलट १९७७ मध्यें विल्यम मॉर्गन व मायकेल पोलॉक ह्यांनीं लांब पल्ल्याच्या धांवपटूंकडे चौकशी केली, तेव्हां सामान्य धांवणारे कष्ट विसरण्यासाठीं मन दुसरीकडे नेतात आणि अव्वल दर्जाचे धांवणारे श्वास, पोटऱ्या, पावलें ह्यांकडे लक्ष ठेवून त्याप्रमाणें वेग राखतात, असें आढळलें. हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत असें मला वाटत नाहीं. शरीरास हुकूम देत राहणें एक, आणि शरीर काय सांगतें तें ऐकणें दुसरें. पहिल्यानें अडखळावयास होतें, दुसऱ्यानें होत नाहीं. कवायतींतलें सावधान आणि कुवलयानंदांचें सावधान ह्यांत हाच भेद होता.

आणि आरंभींच्या त्या कुदळवाल्या शेतकऱ्याचें काय? २००७ सालीं आलिया क्रम व एलेन लँगर ह्यांनीं अमेरिकेंतील सात हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांवर एक प्रयोग केला. त्यांतील कांहींना एवढेंच सांगितलें कीं, तुम्ही रोज जें काम करतां तो उत्तम व्यायामच आहे. चार आठवड्यांनीं ह्या बायकांचें वजन व रक्तदाब इतर बायकांपेक्षां कांहींसा उतरलेला आढळला. काम मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणें होतें तेवढेंच होतें. प्रयोग लहान आहे, त्यावर आक्षेपही आले आहेत, आणि त्याच्या जोरावर मोलकरणीस ‘तुला फुकट व्यायाम मिळतो’ म्हणून पगार कापण्याची कल्पना कोणाच्या मनांत येऊं नये. पण श्रम व व्यायाम ह्यांमधील रेषा केवळ स्नायूंनीं आंखलेली नाहीं, ह्यास त्यांत थोडासा आधार आहे.

ज्यांना हें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यांना खर्च कांहीं नाहीं. उद्यां सकाळीं सूर्यनमस्कार घालतांना कानांतील गाणें काढून ठेवावें. आंकडा ठरवूं नये. पंधरा मिनिटें ठरवावीं. प्रत्येक स्थितींत एकच गोष्ट पाहावी, श्वास चालू आहे कीं कोंडला आहे. बहुतेकांचा तो खालीं वांकतांना कोंडलेला सांपडेल. त्यास सोडवावयाची धडपड करूं नये, कोंडला आहे हें कळलें कीं पुरे. मन गेलें तर पुढच्या नमस्काराच्या उभ्या स्थितींत तें परत आणावें; तो थांबा त्यासाठींच आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या व रक्तदाबाच्या मंडळींनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

शेवटीं शवासन करावें. शहरांतील पुष्कळ वर्गांत ह्यासाठीं तासाचीं अखेरचीं पांच मिनिटें राखलेलीं असतात, आणि वर्ग उशिरां सुरू झाला म्हणजे पहिली कात्री ह्यांनाच लागते. शिक्षक घड्याळाकडे पाहूं लागतात, शेजारचे लोक सतरंज्या गुंडाळूं लागतात. आपण आपली गुंडाळूं नये. तीं पांच मिनिटें पडून राहावें.